हेडबोर्ड कुणी बनवला?

लाकूड घासलं की भुसा पडतो आणि घरात चार माणसं असली की किस्से पडतात. भुसा निदान झाडून तरी टाकता येतो! लोक म्हणतात, "हसून सोडून द्या मॅडम." नाही सोडत. मला अजून राग येतो.

आमच्या दिवाणाला टेकायला काही नव्हतं. भिंतीवर ह्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग, आणि त्याच भिंतीला टेकून मी शाळेचे पेपर तपासायचे. शेवटी ठरवलं, हेडबोर्ड आपणच करायचा. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, मापं काढली आणि सागवान आणायला ह्यांना घेऊन परतवाड्याला गेले.

आरा मशीनवाला ह्यांनाच विचारतो, "दादा, फळी किती जाड पायजे?"

मी म्हटलं, "एक इंच."

तो पुन्हा ह्यांच्याकडे वळला. "ताई एक इंच म्हणून राहिल्या. चालन ना तुमाले?"

ह्यांनी फोनमधून मान वर काढली. "चालते."

म्हणजे ठरवलं कुणी? ह्यांनी!

मग अमरावतीतल्या हार्डवेअरच्या दुकानात ड्रिलचं बिट मागितलं. दुकानदार म्हणाला, "साहेबाले पाठवा ना मॅडम, त्याइले समजन."

पाठवलं साहेबाले! बिट घरी आलं, मी मशीन चालू केलं, तर भोक पडेना, नुसता धूर. साहेबांनी लाकडाच्या ऐवजी भिंतीचं बिट आणलं होतं. तेवढ्यात शेजारचे काका दारातून ओरडले, "बाईमाणसाच्या हाती मशीन देली का असंच होते!" हे शेजारीच उभे होते. परत फोनमध्ये डोकं घातलं. बिट मीच जाऊन बदलून आणलं.

दिवाळीची सगळी सुट्टी त्यात गेली. पॉलिशचा शेवटचा हात मारत होते, तेव्हा ह्यांनी दोन मिनिटं फळी धरली, फोटो काढण्यापुरती. सासूबाई अकोल्याहून आलेल्या. म्हणाल्या, "सूनबाई, ते राहू दे. आंधी चहा मांड, पोरगा थकला माहा." माझे हात कोपरापर्यंत पॉलिशनं माखलेले! तरी मांडला चहा, दात-ओठ खात. तोवर फोटो फॅमिली ग्रुपवर गेला होता: 'घरच्या घरी हेडबोर्ड!' खाली अंगठ्यांची रांग, सगळे अंगठे ह्यांना.

परवा नणंद आणि तिचे यजमान आले. अजून मुक्कामी असलेल्या सासूबाईंसकट सगळे बेडरूममध्ये जमले. भाऊजी हेडबोर्डवर हात फिरवून ह्यांना म्हणाले, "वा! आमाले बी एक बनवून द्या ना."

हे उशी पाठीशी घेऊन रेलले. "सांगा कवा पायजे ते! एका रविवारचं काम आहे."

मी स्वयंपाकघरातून पाना आणला. ह्यांना उठवलं. पाहुण्यांसमोर एकेक करून सगळे बोल्ट काढले, हेडबोर्ड भिंतीला टेकवला आणि बोल्ट नि पाना ह्यांच्या हातात दिले.

"घ्या. बसवून दाखवा."

ह्यांनी बोल्टांकडे पाहिलं, हेडबोर्डकडे पाहिलं, मग आईकडे.

"चहा घेता ना सगळे?" हे म्हणाले. "मी मांडतो."