मुकादमांना एकही जीपीएस पसंत पडेना

“मॅडम, हे पण तीन मीटर चुकतंय.”

मुकादम साहेब आमच्या ऑफिसबाहेर फुटपाथवर उभे होते. दोन हातांत दोन जीपीएस. पायाशी गटाराच्या झाकणावर खडूची फुली. ती फुली त्यांनीच मागच्या खेपेला मारली होती. तिच्यावर एकेक मशीन ठेवायचं, आकडे वाचायचे, आधीच्या आकड्यांशी ताडून बघायचे, आणि मान हलवायची. शेजारचा टायरवाला पंक्चर काढायचं सोडून आमच्याकडे बघत बसला होता.

“साहेब, हातात धरायच्या मशीनला तीन मीटर म्हणजे उत्तम,” मी म्हटलं. हे वाक्य मी त्यांना कितव्यांदा सांगत होते ते मलाच आठवत नव्हतं.

“प्लांटमध्ये मी असं मीटर चालू दिलं नसतं.”

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी आयुष्यभर इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळलं होतं. प्रेशर, तापमान, फ्लो. काटा जरा हलला की यांची झोप उडणार. निवृत्त झाले, सीवूड्सला राहायला आले, आणि काटा माझ्याकडे वळला.

मी सर्व्हेच्या उपकरणांच्या एका छोट्या कंपनीत अॅप्लिकेशन इंजिनीअर आहे. मशीन विकतो तो सेल्सवाला. ते चालवून दाखवते, शिकवते आणि नंतर ‘चालत नाही’ म्हणून फोन आला की ऐकून घेते, ती मी. आमची नेहमीची गिऱ्हाइकं म्हणजे रस्त्याचे कंत्राटदार आणि प्लॉट मोजणारे. त्यांना काय हवं ते पक्कं ठाऊक असतं. येतात, घेतात, जातात.

मुकादमांना जीपीएस हवं होतं जिओकॅशिंगसाठी. हा एक खेळ आहे. कुणीतरी डोंगरावर, बागेत, कुठंतरी एक डबी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. बाकीच्यांनी ते आकडे घेऊन डबी शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवायची. बक्षीस नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी “बस, एवढंच?” असं विचारलं होतं. मुकादमांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मिसेस, रेहाना मॅडम, नुसत्या हसल्या होत्या. त्या दर वेळी यायच्या, खुर्चीत बसायच्या, पाणी प्यायच्या आणि साहेबांबरोबर परत जायच्या.

या खेळाला साधं मशीन पुरतं. आमच्याकडे दोन प्रकार होते. एक बटणांचं, जुन्या धाटणीचं, स्क्रीन लहान, घड्याळात घालतो तसल्या पेन्सिल सेलवर चालणारं. दुसरं टचस्क्रीनचं, मोठं, रंगीत, बरंच महाग. आकाश मोकळं असेल तर दोन्ही तीन ते पाच मीटरपर्यंत नेतात. झाडी असली किंवा बाजूला कडा असला की सॅटेलाइटचा सिग्नल दगडावर आपटून येतो आणि फरक वाढतो. त्यापुढे डोळ्यांनी शोधायचं. सेंटिमीटरमध्ये मोजणारी मशीन्स आम्ही विकतो, पण ती तिवईवर बसतात, पुलाच्या कामाला लागतात.

हे सगळं मी मुकादमांना सांगितलं होतं. एकदा कागदावर चित्र काढूनही. तरी पुढच्या शनिवारी ते हजर. स्क्रीनवर ऊन पडलं तर? पाण्यात पडलं तर? नकाशा जुना असला तर? प्रत्येक उत्तरावर ते “हं” म्हणायचे आणि पुढचा प्रश्न काढायचे.

आमचे मालक म्हात्रे सर आतून बघत असायचे. ते इथल्याच गावचे. टचस्क्रीनवाली मशीन्स त्यांनी हौसेनं मागवली होती आणि ती कपाटात पडून होती.

“जाधव, त्याला मोठा मशीन दे ना. इंजिनीअर मानूस हाय, घेल.”

“सर, घाम आला की त्या स्क्रीनवर बोटं चालत नाहीत. डोंगरावर काय करतील?”

“डोंगराचं तो बघेल. तू शनिवार किती घालवतेस ते बघ.”

एका खेपेला मुकादम खुशीत आले. “मॅडम, प्रॉब्लेम सुटला. माझा पुतण्या दुबईहून येतोय. तिकडून मशीन आणतोय. त्यात नेटवर्क नसलं तरी सॅटेलाइटवरून मेसेज जातो. बटण दाबलं की एसओएस.”

मी कपाळाला हात लावला. “साहेब, नका आणू. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं मशीन आपल्याकडे परवानगीशिवाय ठेवता येत नाही. साधं जीपीएस चालतं. ते फक्त सिग्नल घेतं, पाठवत नाही. हे पाठवतं. एअरपोर्टवर पकडलं तर पोरगा अडकेल.”

“एवढंसं तर आहे. कोणाला कळणार?”

“स्कॅनरला.”

“मॅडम, तुमचं मशीन विकलं जावं म्हणून सांगताय.”

आता मात्र माझा पारा चढला. “मला विकायचंच नाहीये तुम्हाला काही! तुम्ही कुठलंच घेत नाही. इतके शनिवार झाले. तुम्हाला नक्की काय हवंय ते एकदा सांगून टाका.”

“फोन बंद पडला तर काय करायचं ते सांगा!” ते एकदम ओरडलेच. “डोंगरावर माणूस एकटं आहे, फोन बंद आहे. तुमचं तीन मीटर चाटायचं का मग?”

म्हात्रे सर केबिनच्या दारात आले. तेवढ्यात रेहाना मॅडमनी पर्समधून फोन काढला आणि पुतण्याला लावला.

“फैजान, चाचांनी सांगितलेलं मशीन घेतलंस? हां, मग बॅगेत नको टाकू. तिथंच मित्राकडे ठेव. चाचांशी मी बोलते. नाही, आत्ता नको, आत्ता ते रागात आहेत.”

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

“जाधव बाई, डोंगरावर मी जाते. हे कधीच आले नाहीत.”

मी बघतच राहिले. इतके शनिवार मी ज्या माणसाला स्क्रीन, सेल, सिग्नल समजावत होते, तो मशीन वापरणारच नव्हता. आणि वापरणारी बाई दोन हातांच्या अंतरावर पाणी पीत बसली होती. मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. शाळेतली नोकरी संपल्यावर भाचीनं त्यांना हा नाद लावला. फोनवर बघून त्यांनी दोन-तीन डब्या शोधल्याही. मग उन्हाळ्यात खारघरच्या डोंगरावर गेल्या. साहेब खाली गाडीत. वर फोन इतका तापला की आपोआप बंद झाला. त्या वाट चुकल्या, डोंगराच्या दुसऱ्याच अंगाला उतरल्या, तिथून कुणाच्या तरी स्कूटरवर बसून परत आल्या. तोवर साहेब पोलीस चौकीत पोचले होते.

“मी बोलले, आता नीट मशीन घेऊया. हे बोलले, हो, चांगलं बघून घेऊ. तेव्हापासून बघतोय.” त्या शांतपणे म्हणाल्या. “मशीन यांना पसंत पडलं की मला जायला मिळणार ना. म्हणून पसंत पडत नाही.”

मुकादम काचेतून बाहेर रस्त्याकडे बघत राहिले.

मी म्हात्रे सरांना सांगितलं, रविवारी या दोघांना डोंगरावर नेऊन डेमो देते. सर म्हणाले, “एका पीससाठी रविवार? तुझी मर्जी. दोन्ही मशीन ने. आनि मोठा पाडू नको.”

ऑक्टोबरचं ऊन सकाळीच चटका देत होतं. खारघरच्या डोंगरावरची एक डबी रेहाना मॅडमनी वेबसाइटवर बघून ठेवली होती. टचस्क्रीन साहेबांनी घेतलं, बटणांचं मॅडमनी. अर्ध्या वाटेवर साहेबांना घाम फुटला आणि स्क्रीन नाचायला लागली. नकाशावर बोट ठेवलं की मेनू उघडायचा.

“हे बिघडलेलं आहे.”

“बिघडलेलं नाही. ओलं बोट आहे.”

“रेहाना, तुझं दे इकडे.”

त्यांनी मशीनची अदलाबदल केली. इतकंच करून थांबले असते तर बरं. पण साहेबांनी सेटिंगमध्ये जाऊन आकड्यांची पद्धत बदलली. त्यांना अंश, मिनिट, सेकंद अशी सवय. या खेळात मात्र मिनिटांचे दशांश लिहितात. वेळेचं उदाहरण घ्या. पॉइंट पंचेचाळीस मिनिट म्हणजे पंचेचाळीस सेकंद नव्हेत, सत्तावीस. डबीचे आकडे पुन्हा भरताना त्यांनी दशांश सरळ सेकंदांच्या जागी टाकला. जमिनीवर तो फरक अर्ध्या किलोमीटरच्या वर जातो. मी तेव्हा टचस्क्रीन पुसून मॅडमना बोट कोरडं करून कसं दाबायचं ते दाखवत होते. वर बघितलं तर साहेब बाण बघत डोंगराच्या सोंडेपलीकडे उतरलेले.

“साहेब, तिकडे नाही!”

“मशीन तिकडेच दाखवतंय!” आवाज आला, आणि मग तोही आला नाही.

आम्हाला वाटलं, येतील. मॅडमच्या मशीनवर अंतर कमी होत गेलं. एका मोठ्या खडकाशी आकडा चारवर आला आणि तिथंच घुटमळायला लागला. त्यांनी मशीन माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि खडकाची फट न् फट बघितली. एका कपारीत तीन दगड जरा जास्तच नीट रचलेले दिसले. मागे प्लास्टिकची डबी. त्यांनी ती दोन्ही हातांनी बाहेर काढली आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या, “अहो, मिळाली! बघा!”

बघायला कोणी नव्हतं.

त्यांनी फोन लावला. नॉट रीचेबल. परत लावला. मी सोंडेवर जाऊन हाका मारल्या. खाली नुसती झुडपं, पलीकडे इमारती, माणूस दिसेना. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त चीड आली. ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप केला तोच डेमोमध्ये हरवला. सोमवारी म्हात्रे सरांना काय सांगू? मशीन पण गेलं आणि गिऱ्हाईक पण?

रेहाना मॅडम खडकावर बसल्या. डबी मांडीवर तशीच बंद.

“एरवी मी वर असते आणि हे खाली,” त्या हळूच म्हणाल्या. “खाली बसून यांचं काय होत असेल, हा विचार मी कधी केला नव्हता.”

“मॅडम, त्यांच्या हातात मशीन आहे. चाललेल्या वाटेची रेघ ते आपोआप काढत असतं. त्यांनी ती बघितली की येतील.”

“आणि नाही बघितली तर?”

मी परत सोंडेकडे निघाले. तेवढ्यात खालून झुडपं हलली. मुकादम साहेब वर येत होते, मान खाली, डोळे स्क्रीनवर. शर्ट घामानं चिकटलेला, कोपराला खरचटलेलं. आमच्यापर्यंत पोचले तरी त्यांनी वर बघितलं नाही. अगदी समोर आल्यावरच थांबले.

“तिकडे कुंपण आहे. डबीबिबी काही नाही,” ते धापा टाकत म्हणाले. “फोनला रेंज नाही. मग या रेघेवरून मागे आलो. जिथं वळलो होतो तिथंच वळवलं हिनं मला.”

रेहाना मॅडम उठल्या. त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, “तुम्ही वेडे आहात का?”

“तू त्या दिवशी अशीच फिरत होतीस?”

“हो.”

“आणि मी खाली असा बसलो होतो.”

“हो.”

मी सेटिंग परत बदलली. डबीतल्या कागदावर मॅडमनी दोघांची नावं लिहिली. साहेबांनी अक्षर तपासलं.

सोमवारी मुकादम एकटेच आले. बटणांचं मशीन घेतलं. अॅक्युरसीबद्दल अवाक्षर नाही. सेल कुठले टिकतात, रेघ मिटवायची कशी आणि मिटू नये म्हणून काय करायचं, एवढंच विचारलं. घरी त्यांनी नियम केला होता. मॅडम वर जाणार, तर सेलची जादा जोडी बरोबर आणि कुठल्या वेळेला उतरणार ते आधी सांगून. ते खाली थांबणार, पण चौकीत जाणार नाहीत. हा शेवटचा भाग मॅडमनी घातला होता, असं त्यांनीच सांगितलं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. कुणी हौसेसाठी जीपीएस घ्यायला आलं आणि सेंटिमीटर विचारायला लागलं, की मशीन कपाटातून काढायच्या आधी दोन प्रश्न विचारते. जाणार कोण? आणि घरी थांबणार कोण? पहिल्याला बटणं दाबायला देते. दुसऱ्याला खुर्ची देते आणि त्याचं आधी ऐकून घेते.

म्हात्रे सर म्हणतात, यात वेळ जातो. जातो. पण शनिवार वाचतात.