चार वाजताचं वरण

किनवटच्या एका आश्रमशाळेत संध्याकाळचा स्वयंपाक कधी करायचा, हे पोरांची भूक नाही, रेल्वे ठरवायची. अधीक्षक शिवकुमार सरांचं बिऱ्हाड नांदेडला. नियमानं त्यांनी वसतिगृहातच राहायचं. पण नियम भिंतीवर टांगलेला आणि सर साडेपाचच्या गाडीत. मुलांना वाढण्याआधी जेवण चाखायचं आणि चवीच्या रजिस्टरात सही करायची, असा आणखी एक नियम होता. तो मात्र सर काटेकोर पाळत. म्हणून वरण चारला शिजायचं. सर चमचाभर चाखत, शेऱ्याच्या रकान्यात 'उत्तम' लिहीत, स्वतःचा डबा भरून घेत आणि स्टेशन गाठत. पोरं जेवायची आठला. वाढायला रखवालदार दगडोबा.

स्वयंपाकीण अयोध्याबाईंनाही हे सोयीचंच होतं, ते आधी सांगून टाकलेलं बरं. पाचला हात धुवून त्या घरी निघत आणि दिवेलागणीला भाकऱ्या थापत. नवरा बजरंग खूश, सासू कस्तुराबाई खूश. सगळ्या मोठ्या माणसांची सोय त्या वेळापत्रकात झाली होती.

एप्रिलात एकदा अयोध्याबाईंचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला राहिला. तो आणायला त्या आठला परत गेल्या, तर पोरं मोरीपाशी रांगेनं उभी. वाटीतलं वरण मोरीत ओतायचं आणि कोरडा भात मीठ लावून खायचा. अयोध्याबाईंनी पातेल्यात बोट बुडवून चाटलं. तापलेल्या पत्र्याखाली चार तासांत वरण आंबलं होतं.

"रोजच असं हाय का?" त्यांनी दगडोबाला विचारलं.

"ऊन वाढल्यापासून हाय. पोरं काय बोलत न्हाईत."

बोलतील कशाला? बोलणाऱ्याचं काय होतं, हे पोरांना आपल्याआधी कळतं. अयोध्याबाईंना आधी लाज वाटली आणि मग असा राग आला, की घरी पोचेपर्यंत त्यांची कानशिलं तापली होती.

राग त्यांना नवा नव्हता. सात वर्षांपूर्वी भोकरला दुसऱ्या एका वसतिगृहात अळ्यांचा तांदूळ आला, तेव्हा त्यांनी ठेकेदाराच्या अंगावर पळी भिरकावली होती. सगळ्या भोकरात नाव झालं. बाईंना घरी बसवलं आणि तांदूळ तोच येत राहिला. भांडण त्या जिंकल्या होत्या, ताट हरलं होतं. तेव्हापासून त्यांनी एक गाठ मनाशी बांधली. 'नाही' म्हणायचं तर मोठ्यानं नाही, पण मागं न घेण्यासाठी. आणि 'नाही'च्या पाठोपाठ 'मग असं करू' हे तयार ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी सरांनी ऐकून घेतलं आणि हसले. "मावशी, मी रोज चाखतो. फर्स्टक्लास असतं."

"चारला असतंय, सर."

"दोन वर्षांत एकाही पोराची तक्रार नाही."

अयोध्याबाईंनी सरांचा डबा नेहमीसारखा भरला, वरून फडकं घट्ट बांधलं. "एक काम करा सर. आज गाडीत खाऊ नका. घरी जाऊन आठ वाजता उघडा. पोरं उघडतात तवा."

सकाळी सर आले ते थेट ऑफिसात. स्वयंपाकघराकडं फिरकलेच नाहीत, यावरूनच बाई समजल्या. दुपारी बाईंनी स्वतःच ऑफिसचं दार गाठलं.

"आजपासून मी सहाला शिजवून राहिले, सर. चारला चूल पेटणार न्हाई."

"आणि माझी सही?"

"तुमी नियमानं इथंच ऱ्हा, सातला चाखा. न्हाईतर वरून पत्र आणा, दगडोबानं चाखलेलं चालतं म्हणून. दोन्हीतलं एक करा. तिसरं मी करणार न्हाई."

सरांनी टेबलावरची फाईल इकडची तिकडं केली. "तुमची नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची आहे, मावशी. जूनमध्ये माझ्याच सहीनं पुढं जाते."

"ठाऊक हाय."

चार वाजले. चूल थंड. सरांनी तरीही रजिस्टर उघडलं, न चाखताच 'उत्तम' लिहिलं आणि निघून गेले. मग अयोध्याबाईंनी पदराला हात पुसले, सातवीपर्यंत शिकलेल्या अक्षरात त्याच शब्दाखाली लिहिलं: 'हे लिहिलं तेव्हा चूल पेटली नव्हती. परवा वरण चारला शिजलं, आठला आंबलं. पोरांनी ओतलं.' आणि खाली सही ठोकली. रजिस्टर तपासणीला वर जायचं आणि प्रत्येक पानावर छापील नंबर होता.

त्या दिवशी घरी पोचायला साडेआठ झाले. चूल तिथंही थंडच. बजरंग खाटेवर तोंड फुगवून बसलेला.

"दुसऱ्याच्या लेकरांपायी घरच्यांनी उपाशी मरावं काय?"

"मरू नका. भाकरी थापा."

"म्या?" तो उठून उभाच राहिला. "आन् तुझी ऑर्डर गेल्यावर?"

"गेली तर केळीच्या बागंत मजुरीला अर्धापूरला जाईन. पण ते वरण म्या परत चारला शिजवणार न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमाला न विचारता ठरवलं, ते चुकलं माझं. वेळ बदलणार हे सकाळीच बोलायला पायजे होतं. पण ठरवलं ते चुकलं न्हाई. पीठ मी सकाळी चाळून ठेवू का तुमी चाळता, एवढंच सांगा."

बजरंगला भांडायचं होतं, निवडायचं नव्हतं. भिंतीकडं तोंड करून पडलेल्या कस्तुराबाई तशाच बोलल्या, "तुझ्या हाताची चव न्हाई यायची त्याला. मी शिकवते. पर अयोध्या, जून लई लांब न्हाई."

बजरंगची पहिली भाकरी मधे कच्ची आणि कडंला काळी निघाली. अयोध्याबाईंनी ती सगळी खाल्ली आणि कच्ची आहे हेही सांगितलं. चार दिवसांत तो बरी थापायला लागला, आणि आठवड्याभरात चौकात त्याची शेखी मिरवायलाही लागला.

इकडं नंबर टाकलेलं पान काही फाडता आलं नाही. त्याखाली काहीतरी उत्तर लिहिणं भाग होतं. तीन दिवस चडफडून सरांनी लिहिलं, 'स्वयंपाकाची वेळ सहा करण्यात आली.' मग वळकटी घेऊन ते ऑफिसमागच्या खोलीत राहायला आले. सातला चाखताना त्यांचं तोंड कडू असायचं. पोरं मात्र वरण दुसऱ्यांदा मागत होती आणि अयोध्याबाई तेवढंच बघत होत्या.

जून उजाडला. सरांनी ऑर्डर पुढं न्यायचा फॉर्म समोर ओढला. काम: चांगलं. हजेरी: पूर्ण. वर्तणुकीच्या रकान्यात त्यांनी शाईच्या पेनानं ठसठशीत लिहिलं, 'वाद घालतात', आणि सहीसाठी कागद बाईंकडं सरकवला. हा शेरा वर गेला की ऑर्डर अडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. अयोध्याबाईंनी अक्षर अक्षर लावून वाचलं.

"खरं हाय, सर. घालते. पण कशावरून, तेबी लिहा."

"काय?"

"वादाचं कारण. रकान्यात जागा हाय अजून."

सरांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं. कारण लिहायचं म्हणजे चारचं वरण लिहायचं, साडेपाचची गाडी लिहायची. दारातून वरणाचा घमघमाट येत होता. मग त्यांनी पेन आडवं धरलं आणि 'वाद घालतात' या शब्दांवर रेघ ओढायला सुरुवात केली.

अयोध्याबाईंनी हात पुढं करून कागद दाबून धरला.

"खोडू नका, सर. राहू द्या. हे खोडलं तर चारचं वरणबी खोडलं जाईल. खाली कारण लिहा, मग मी सही करते."

आणि सरांचं लिहून होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या.