दादाच्या कानामागचा कापूस

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आता कबूल करतो. भाजीवाला वजन करतो तेव्हा मी काट्याकडे नाही, त्याच्या बोटांकडे बघतो. बायको म्हणते, तुम्हाला देवळातल्या घंटेचाही संशय येईल. येतो कधीकधी. पण गिरण्यांचा संप झाला त्या वर्षी हा स्वभाव माझ्या एकट्याचा नव्हता. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ होती. तिथे जो तो दुसऱ्यावर लक्ष ठेवून असायचा. कोण पहाटे बाहेर पडला, कोण कधी परत आला, कुणाच्या घरातून मासे तळल्याचा वास आला, सगळं नाक्यावर पोचायचं.

दादा आणि मी एकाच गिरणीत, सूतखात्यात. तो अठ्ठाविसाचा, मी चोविसाचा. जानेवारीत संप सुरू झाला आणि मार्च उजाडेपर्यंत आम्ही दोघे त्या दहा बाय बाराच्या खोलीत एकमेकांच्या पायांत यायला लागलो. मग एके दिवशी दादा पाचला उठला, कॅनव्हासचे बूट घातले आणि बाहेर पडला. परत आला साडेनऊला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "कुठे जातोस रे रोज?"

"धावायला."

"कशाला?"

"तब्येतीला बरं असतं." मी बघतच राहिलो तेव्हा तो ओशाळला. "धावूक जातंय रे. दुसरा काय?"

दादा काही लपवत असला की मालवणीत शिरतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

खरी गोष्ट मला व्हायचं ते होऊन गेल्यावर कळली, पण ती इथेच सांगून टाकतो. कांजूरमार्गला एका कारखान्याचं मैदान होतं. कारखान्यांच्या आपसात लांब पल्ल्याच्या शर्यती व्हायच्या आणि त्यासाठी चांगला धावणारा मिळाला तर ते त्याला कायमच्या नोकरीवर घेत. उन्हाळ्यात निवड होती. दादा पहाटे पवईच्या तलावापर्यंत धावायचा, तिथून उतरून त्या मैदानावर जायचा. तिथले एक वयस्कर प्रशिक्षक त्याच्याकडून फेऱ्या मारून घ्यायचे. पदरात लहान मुलगी, हाताला काम नाही, आणि त्याच्यापाशी काय होतं तर दोन पाय. हे फक्त वहिनीला माहीत होतं. आम्हाला सांगायची सोय नव्हती, कारण संप चालू असताना दुसरी नोकरी शोधणारा तो पळपुटा, असं नाक्यावर बोललं जायचं. आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ते मीच बोलायचो.

तेव्हा एक अफवा जोरात होती. मालक पहाटे ट्रक पाठवतात, स्टेशनांबाहेरून माणसं उचलतात, तीन-चार तास यंत्रं फिरवून घेतात आणि नऊच्या आत गुपचूप सोडून देतात. खरं-खोटं देव जाणे. पण पाच ते साडेनऊ हा हिशेब दादाला इतका चपखल बसत होता की मला झोप येईना. संपात अर्धपोटी राहणारा माणूस आपणहून धावायला जातो, हे कोण मानेल? आम्ही भूक लागू नये म्हणून दुपारी पडून राहायचो. मी त्याची पिशवी तपासली. भिजवलेले चणे आणि एक पंचा. पंचा ओला होता, पण गिरणीतही घाम येतोच. बुटांचे तळ उलटे करून बघितले. वहिनीला आडून विचारलं तर म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही त्यांनाच विचारा ना." आणि घाईघाईने तांदूळ निवडायला बसल्या. म्हणजे वहिनीही सामील, असं मी ठरवून टाकलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी दादा चटईवर गाढ झोपला होता. मी पाणी प्यायला उठलो आणि मला त्याच्या कानामागे पांढरं काहीतरी दिसलं. वाकून बघितलं. कापूस. बनियनच्या गळ्यालाही दोन पुंजके चिकटलेले.

गिरणीत काम न केलेल्या माणसाला याचा अर्थ कळायचा नाही. सूतखात्यात कापूस हवेतच असतो. भुवयांत बसतो, नाकात जातो, कानामागे चिकटतो. आंघोळ केली तरी कुठेतरी उरतो. आमच्या आया त्यावरून ओळखायच्या की बाप कामावर गेला होता की दुसरीकडे. आणि संपाला तीन महिने होऊन गेले होते. माझ्या अंगावर एक तंतू राहिला नव्हता.

मी तो पुंजका चिमटीत उचलला, काडेपेटीत ठेवला आणि तडक नाक्यावर गेलो. तिथे संपातली चार जाणती माणसं बसायची. मी काडेपेटी उघडून दाखवली आणि कुणाच्या अंगावरचा तेही सांगितलं. मला वाटत होतं मी फार मोठं, कठीण काम करतोय.

"सख्खा भाऊ सांगतोय म्हणजे खोटं कसं असेल," एक जण म्हणाला. उद्या तो परत येताना चाळीच्या तोंडाशी धरायचं ठरलं.

घरी आलो तेव्हा दादा मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पेपरवाल्याची सायकल घेऊन त्याच्या मागे लागलो. ट्रकमध्ये चढताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पण दादा स्टेशनकडे वळलाच नाही. आग्रा रोडला लागला आणि विक्रोळीच्या दिशेने धावत सुटला. मी बरंच अंतर ठेवून पॅडल मारत होतो आणि तरी मला धाप लागत होती. तो एकदाही थांबला नाही. गांधीनगरच्या नाक्यावरून पवईकडे वळला. तलावाच्या अलीकडे रस्त्याकडेला सावरीची झाडं होती, बोंडं फुटून खाली सगळं पांढरं झालं होतं. दादा त्यातून धावत गेला आणि त्याच्या घामेजल्या मानेवर कापूस बसला.

मी सायकल टाकली आणि खालचा एक पुंजका उचलून ओढला. गिरणीचा कापूस ओढला की लांबतो, पीळ घेतो, सूत व्हायला बघतो. हा बोटांतून नुसता निसटला. उशीत भरायचा कापूस. सहा वर्षं सूतखात्यात काढलेल्या मला तो आदल्या दिवशी ओढून बघायचं सुचलं नव्हतं. नाक्यावरच्या चौघांनाही नाही.

मी जिवाच्या आकांताने सायकल मारत नाक्यावर आलो आणि सांगितलं की माझी चूक झाली, दादा खरंच धावतो. त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"भावासाठी आता पाणी झालास होय रे?"

"मी बघितलं माझ्या डोळ्यांनी."

"काल पण बघितलंस की."

आदल्या दिवशी मी सख्खा भाऊ म्हणून माझं खरं होतं. त्या दिवशी सख्खा भाऊ म्हणूनच खोटं ठरलं.

साडेनऊला दादा आला. त्यांनी त्याला अडवलं, माहिती मिळाली आहे म्हणाले. कुणाकडून ते सांगितलं नाही. दादा म्हणाला, धावायला जातो, पवईपर्यंत. मैदानाचं नाव त्याने काढलं नाही. ते काढलं असतं तर पळपुटा ठरला असता.

"मग धावून दाखव. आमची दोन माणसं सायकलवर येतील."

"आत्ता?"

"आत्ताच."

ऊन चढलं होतं. डांबर तापलेलं. मी म्हणालो, "दादा, नको." त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग खाली वाकून बुटांच्या नाड्या करकचून बांधल्या आणि निघाला.

तो दुपारी बाराच्या पुढे परत आला, लंगडत. बरोबरच्या दोघांनी सांगितलं, माणूस खरा आहे, आम्हीच दमलो. सगळ्यांनी पाठ थोपटली, कुणी उसाचा रस आणून दिला. त्याने तो प्यायला. संध्याकाळी त्याची पोटरी टम्म सुजली. वहिनी शेक देता देता रडायला लागल्या आणि तेव्हा मला कळलं की निवड चौथ्या दिवशी, रविवारी आहे.

रविवारी तो गेला. सहाव्या फेरीला पायात पुन्हा कळ आली आणि तो खाली बसला. घरी येऊन एवढंच म्हणाला, "नाही जमलं."

गिरणी पुन्हा आमची झाली नाही. दादाने पुढे वीस वर्षं एका सोसायटीत वॉचमनचं काम केलं. काडेपेटीचं मी त्याला कधी सांगितलं नाही, त्यानेही कधी विचारलं नाही. मला बरीच वर्षं वाटत होतं, त्याला माहीत नाही.

फक्त त्या रविवारनंतर एक झालं. मी घरात असलो की दादा बाहेर पडताना दारात थांबायचा. मी काही विचारलेलं नसायचं. तो सांगायचा, "रॉकेलच्या रांगेला जातोय. तासाभरात येतो." "पान खायला जातोय. वीस मिनिटं." शेवटपर्यंत सांगत राहिला.