खुर्च्या नसलेली मैफल

सुनेत्रा घाडीगावकर परळच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलात बावीस वर्षं लोकांचे कान तपासत होती. डॉक्टर नव्हे, टेक्निशियन. जाड दाराच्या एका छोट्या खोलीत पेशंटला हेडफोन लावून बसवायचं, आपण काचेच्या अलीकडे मशीनपाशी बसायचं. "आवाज आला की बटण दाबा. कितीही बारीक आला तरी दाबा." एवढं सांगायचं आणि एकेक सूर सोडत जायचं. कधी कधी दिवसभरातलं तिचं निम्मं बोलणं हेच असे, कारण लालबागच्या खोलीवर परतल्यावर बोलायला कोणी नव्हतं.

वडील दत्ताराम जाऊन तीन वर्षं झाली होती. आई त्याआधीच गेली. भाऊ हर्षवर्धन पनवेलला, त्याच्या संसारात. सुनेत्राचं लग्न राहिलं ते राहिलंच. दत्ताराम गिरणीत साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर होते आणि साच्यांच्या खडखडाटात पन्नाशीतच त्यांचे कान गेले. कानाचं मशीन त्यांना मानवलं नाही. शेवटच्या वर्षांत सुनेत्रा दमून घरी येई, ओरडून बोलायचा तिला कंटाळा येई. मग ती खुणेनंच जेवायला बोलवी. तेही समजून म्हणत, "बोलू नको गो, नुसती बस हंयसर." ती पाच मिनिटं बसे आणि मोबाइल उघडी.

जानेवारीत ऋता नावाची एक सत्तावीस वर्षांची मुलगी तपासायला आली. कानात सारखी शिट्टी वाजते म्हणाली.

"काम काय करतेस?"

"संगीत. म्हणजे कॉम्प्युटरवर आवाज बनवते आणि स्टेजवर वाजवते."

तपासणीच्या आलेखावर तिची रेघ सरळ चालली आणि चार हजार हर्ट्झच्या सुरापाशी धाडकन खाली आली. मोठ्या आवाजानं पडणारा तो खड्डा सुनेत्रानं शेकड्यांनी पाहिला होता, वडिलांच्या तपासणीच्या जुन्या कागदावरसुद्धा. डॉक्टरांनी ऋताला आवाज कमी ठेवायला सांगितलं. बाहेर आल्यावर ती सुनेत्रापाशी थांबली.

"मॅडम, तुमचा तो मधला सूर किती स्वच्छ आहे हो! मीही तसलेच घेऊन खेळते. रविवारी लोअर परळला आहे माझा कार्यक्रम, पाच वाजता. या ना! पास पाठवते."

लग्न-बारशाच्या छापील आमंत्रणांपलीकडे सुनेत्राला कोणी कुठे बोलावून बरीच वर्षं झाली होती. शिवाय त्या मुलीला एकदा नीट सांगावं, असंही तिच्या मनात होतं. हे तू थांबव. पुढे काय होतं ते मी घरात पाहिलंय.

रविवारी तिनं माहेश्वरी साडी नेसली, एसी असेल म्हणून पर्समध्ये शाल घेतली आणि करी रोडचा पूल ओलांडून चालत गेली. जुन्या गिरणीच्या आवारातला उंच हॉल होता. वडिलांची गिरणी ती नव्हे. त्यांच्या गिरणीच्या जागी आता चाळीस मजले उभे होते. दारावर मनगटाला कागदी पट्टी बांधली. आत काळोख, निळे दिवे, आणि खुर्ची एकही नाही. सगळे उभे, सगळे तिच्या निम्म्या वयाचे.

शेजारची एक मुलगी वाकून मायेनंच म्हणाली, "आंटी, कुणाला न्यायला आलात का?"

"नाही गं. ऐकायला आलेय."

"ओह! सो स्वीट," म्हणत ती मैत्रिणींकडे वळली. सुनेत्रा सरकत सरकत भिंतीच्या कडेला गेली. पर्समधून फोमचे प्लग काढून तिनं कानांत घातले आणि हातातल्या शालीचं काय करावं ते न सुचल्यानं ती तशीच धरून उभी राहिली.

ऋता टेबलामागे आली. टेबलावर वायरी आणि बटणं. आधी एकच सूर आला, लांब, न हलणारा. हजारचा, सुनेत्रानं लगेच ओळखला. मग त्याच्या शेजारी दुसरा, जरासा बेसूर, आणि दोघांच्या घासण्यातून एक लाट उठून हॉलभर डोलू लागली. बावीस वर्षं तिनं हे सूर एकेकटे सोडले होते. ते एकमेकांना भेटले की असं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

मग खालचा आवाज सुरू झाला. तो कानांनी ऐकायचा नव्हताच. तळव्यांतून, गुडघ्यांतून वर चढत तो छातीच्या पिंजऱ्यात येऊन धडधडू लागला. तिनं भिंतीला हात लावला, तर भिंतही बोलत होती. तिनं प्लग आणखी आत दाबले. वरचे सूर जवळजवळ बुजले, पण छातीतलं कमी होईना.

आणि तिला एकदम वाटलं, हे बाबांना ऐकू आलं असतं.

कानांची गरजच नव्हती. त्यांना इथं भिंतीशी उभं केलं असतं, हात धरून. काही बोलावं लागलं नसतं. ते म्हणत होते तेच: नुसती बस. आणि आपण पाच मिनिटांत मोबाइल उघडत होतो. साडीच्या पदराला डोळे पुसताना तिनं आजूबाजूला पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. समोर दोनशे जणांची डोकी एका ठेक्यावर हलत होती आणि त्यांत ती ओळखत असलेली एकच व्यक्ती टेबलामागे, डोळे मिटून उभी होती. ऋताच्या कानांत काहीच नव्हतं.

सात वाजता दिवे लागले. ऋताभोवती गराडा पडला. सुनेत्रा पंधरा मिनिटं थांबली.

"मॅडम! आलात तुम्ही? कसं वाटलं?"

सुनेत्रा बोलू लागली आणि तिच्या लक्षात आलं, मुलगी डोळ्यांत नाही, ओठांकडे बघतेय. तयारीनं आणलेलं भाषण तिनं बाजूला ठेवलं.

"छातीत वाजत होतं," ती सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली. "तुला ते कानांत प्लग घालूनही कळेल. मी घातले होते. सगळं पोचलं."

"खरंच पोचलं?"

"खरंच. रडले मी."

तेवढ्यात कोणीतरी फोटोसाठी तिला ओढून नेलं. तिनं मागे वळून हात हलवला आणि ती गर्दीत गेली.

चाळीच्या जिन्यात शेजारच्या अंबिकाकाकूंनी विचारलं, "काय गो, नटून खंय? लगीन व्हता?"

"गाण्याला गेले होते, काकू."

"कोणाच्या?"

सुनेत्राला नाव सांगून उपयोग नव्हता. "आमच्या हॉस्पिटलातल्या एका मुलीच्या," म्हणत तिनं कुलूप काढलं. भात गरम करून ती जेवली. कोणाला तरी सांगावंसं फार वाटत होतं. फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहून तिनं शेवटी हर्षवर्धनला लिहिलं, 'आज संगीताच्या कार्यक्रमाला गेले होते. बाबांची आठवण आली.'

अर्ध्या तासानं उत्तर आलं, 'अरे वा! कोणाबरोबर?'

तिनं 'एकटीच' लिहिलं, खोडलं. 'खूप लोक होते' असं लिहून पाठवलं.

त्या वर्षात ती अशा आणखी दोन कार्यक्रमांना गेली, तिकीट काढून. दोन्ही वेळा ती भिंतीच्या कडेलाच, भिंतीला हात लावून उभी राहिली.