बातमी आमच्या तालुक्याची

प्रबंधात ज्या गोष्टी बसल्या नाहीत, त्याच माझ्याकडे शिल्लक राहिल्या. एमएला मी आणि नीलेश, दोघेही रोह्याचे. विषय होता माध्यमं आणि राजकारण. मॅडम म्हणाल्या, "दिल्लीवर सगळेच लिहितात. तुम्ही तुमच्या भागावर लिहा." मग रोहा, पेण, मधली गावं असं फिरत राहिलो आणि किस्से साठत गेले. आता मैत्रिणी जमल्या की सांगायला लावतात.

*

प्रश्नावलीत एक प्रश्न होता, वर्तमानपत्रांवर विश्वास आहे का? कासू गावात ओटीवर वाल सोलत बसलेल्या काकूंना विचारला.

"हाय की."

"सगळ्या बातम्यांवर?"

"आपल्या गावची सोडून. बाकी गावांच्या खऱ्या वाटतात गो."

*

गजूभाऊ पेणचे वार्ताहर. वडखळ नाक्यावर झेरॉक्सचं दुकान आणि बातम्या दोन पेपरांना. एक पेपर सत्ताधाऱ्यांचा, दुसरा विरोधकांचा. त्यामुळे एकाच सभेला एकीकडे 'अलोट गर्दी' आणि दुसरीकडे 'रिकाम्या खुर्च्या'. दोन्ही भाऊंनीच लिहिलेलं.

मी विचारलं, "भाऊ, खरं काय होतं?"

"खुर्च्या माझ्या मंडपवाल्या मेव्हण्याकडून आल्या होत्या. त्याला विचार. पेपरात कशाला शोधतेस?"

*

त्या वर्षी उधाणात खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी भातात शिरलं. चॅनेलची गाडी आली. एक म्हातारी बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून बोलली. पीक गेलं, जमीनही आता काही वर्षं पिकायची नाही, बांध दुरुस्त करा म्हणून किती वेळा सांगितलं, सगळं. बोलून ती वर आली, तेवढ्यात आमदारसाहेबांची गाडी पोचली.

रिपोर्टर म्हणाला, "मावशी, परत एकदा उतरा. साहेबांबरोबर घेऊ."

ती उतरली. साहेब बांधावरूनच बोलले.

संध्याकाळी आम्ही तिच्याच घरी टीव्ही बघत होतो. साहेब बोलताना दिसले. मागे पाण्यात ती नुसतीच उभी.

सुनेनं विचारलं, "आत्या, तुमी बोललाव ते कुठं गेलं?"

"ते पयल्यांदा बोललू," म्हातारी म्हणाली आणि चुलीकडे गेली.

*

नीलेशचा विषय होता पक्षांचे व्हॉट्सॲप ग्रुप. वर्गात त्याच्याइतकं कोणी काम केलं नव्हतं. खोटी बातमी कुठून निघते आणि कुठे पोचते, हे तो फळ्यावर काढून दाखवायचा. मुलाखतीसाठी तो रोह्याच्या एका पक्ष कार्यालयात गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला तिथेच नोकरी दिली. घरी वडील आजारी होते. तो परत वर्गात आला नाही.

पुढे मीच त्याची मुलाखत घेतली. निघताना म्हणाला, "नाव नको टाकूस. 'एक कार्यकर्ता' लिही."

*

बांधाची दुरुस्ती फक्त कागदावर झाली होती, ही बातमी गजूभाऊंनी काढली. पहिल्यांदाच दोन्ही पेपरांत एकच मजकूर आला.

आठवड्याभरात धरमतरच्या रस्त्यावर त्यांना अडवून मारलं. मारणारे ओळखीचे होते. मी पेणच्या दवाखान्यात गेले, तर उजवा हात प्लास्टरमध्ये, ओठ सुजलेला. शेजारी वहिनी. तेवढ्यात पेपरच्या ऑफिसातून फोन आला. वहिनींनी स्पीकरवर लावला.

"भाऊ, तब्येत सांभाळा. पण पेणला आपलं दुसरं कोणी नाही. तुमची बातमी तुम्हीच पाठवा."

भाऊंनी मला मोबाइलवर टाइप करायला सांगितलं. पहिलं नाव घेणार, इतक्यात वहिनी म्हणाल्या, "नावं नको. आपली पोर रोज त्याच रस्त्यानं कॉलेजला जाते."

भाऊंनी वहिनींकडे बघून मान हलवली.

"लिही," ते म्हणाले. "दुचाकी घसरून पत्रकार जखमी."

मी लिहिलं.

"रस्त्यात खड्डे होते, हे पण घाल. तेवढं तरी खरं छापून येऊ दे."