पंचफुला बसायची ती बाजू

मुलीचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली झोपलेला होतो. दोन्ही हात ग्रीसनं भरलेले. फोन वर सीटवर वाजून राहिला होता, हात पुसायला चिंधी सापडेना, आणि मी बाहेर निघेपर्यंत तो बंद पडला... मग परत लावायची हिंमत होईना. कळलं होतं मला. आदल्या सांजेला दवाखान्यातून बायकोनंच हाकललं होतं. ‘‘इथं माह्या तोंडाकडे पाहत काय बसता? पोरगी हाये न माह्यापाशी. शर्यत जवळ आली, गाडी पाहा जाऊन.’’ म्हणून वलगावला घरी आलो. तिनं सांगितलेलंच काम करत होतो, आणि तिकडे अमरावतीच्या दवाखान्यात तिनं जीव सोडला.

माझं शिक्षण चौथी. जुन्या गाड्यांच्या क्लबातले लोक म्हणाले, काका, काकूंवर तुम्हीच लिहा, म्हणून लिहितो. जमेल तसं. पंचफुला तिचं नाव. आमचं भाजीचं वावर, आणि माल न्यायला एक जुना तीन चाकी टेम्पो. समोर एकच चाक आणि लांब थोबाड, म्हणून सारे त्याला डुक्कर म्हणतात. या डुकराची खोड अशी, का जोरात डावीकडे वळलं का मागचं डावं चाक जमीन सोडते. उजवीकडे वळताना त्रास नाही, तिथं माझं वजन पुरते. लग्नानंतर पहिल्यांदा ती बाजूला बसली आणि वळणावर चाक उचललं. मी ओरडलो, ‘‘झुक!’’ तिनं खिडकीबाहेरचा लोखंडी पाइप धरला आणि कमरेपासून सारी बाहेर झुकली. चाक खाली आलं. आत येऊन पदर सावरत म्हणते, ‘‘अजी, हे डुक्कर हाये का घोडा?’’ त्यानंतर तिला कधी सांगावं लागलं नाही. वळणाआधी मी रेसवरचा पाय उचलायचो, इंजिनचा आवाज बसायचा, आणि त्या आवाजावर ती बाहेर. रस्त्याकडे पाहायचीसुद्धा नाही. मांडीवर तुरीच्या शेंगा सोलत असायची, एक हात शेंगांत, एक हात पाइपावर.

म्हातारपणी या डुकराला मान मिळाला तो अकोल्याच्या जुन्या गाड्या पाळणाऱ्या लोकांमुळे. वर्षातून एकदा ते बाळापूरकडच्या एका मैदानावर जमतात आणि तीन चाकी गाड्यांची वेगळी शर्यत ठेवतात. ड्रम मांडून केलेला गोल रस्ता, सारी वळणं डावी. पहिल्या वर्षी गॉगलवाला एक पोरगा, मंगेश त्याचं नाव, तिला म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही खाली थांबा, शर्यत आहे ही.’’ पंचफुलानं पदरावरून हेल्मेट चढवलं. ‘‘मी उतरली तं हा बुढा उलटा पडन. मंग तू उचलशीन काय?’’ लोक पोट धरून हसले. पण पहिल्या वळणावर बाकी गाड्या हळू झाल्या आणि आम्ही झालो नाही. अर्धी बाई गाडीबाहेर, पदर कमरेला खोचलेला, बोटं जवळजवळ मातीला लागून राहिली... आम्हीच पहिले आलो. कप मिळाला तर उलटापालटा करून पाहते, ‘‘याच्यात दही लागन काय?’’ लागलं. मग दर वर्षी जायचो.

तिच्या पोटात पाणी झालं तेव्हापासून मी निकामी झालो. गाडी बिघडली तर मी खाली झोपून पाहतो, कान लावतो, काही ना काही सापडते. दवाखान्यात कुठं झोपून पाहू? नळ्या त्यांच्या, मशीन त्यांचं. सलाईन संपलं का नर्सला सांगायला जायचो, तेवढंच काम. ती पाहून राहिली होती सारं. एकदा म्हणाली, ‘‘कोणाले बी बसवा, पण अवंदा शर्यत सोडू नोका. हाव म्हणा.’’ मी हाव म्हटलं. दुसरं काही देण्यासारखं नव्हतंच माझ्याजवळ.

तेरवी झाली आणि थोड्या दिवसांनी शर्यत आली. गेलो. मंगेश जवळ आला, या खेपेला गॉगल हातात. ‘‘काका, मी बसतो. काकूंपेक्षा माझं वजन तरी जास्त आहे.’’ मनानं चांगला पोरगा. पहिल्या वळणाआधी मी पाय उचलला. तो वळण दिसायची वाट पाहत बसला, आणि चाक उचललं. झुकला, पण उशिरा. मी ब्रेक दाबला. ‘‘आवाज बसला का झुक,’’ म्हटलं. ‘‘कोणता आवाज, काका? इतक्या गोंगाटात?’’ आता काय सांगू त्याला? पंचफुलाला मी कधी शिकवलंच नव्हतं, तर याला काय शिकवायचं तेच मला ठाऊक नाही. पुढच्या वळणाला तो बिचारा घाबरून आधीच लोंबकळला आणि गाडी भलतीकडे ओढली. मी ड्रमांच्या बाहेर काढली, बंद केली. लोक धावत आले, काय बिघडलं, काय बिघडलं. काही बिघडलं नव्हतं. इंजिन चांगलं होतं, चाकं चांगली होती... तिला हाव म्हटलं होतं, आणि माझ्यानं झालं नाही.

गाडी आता घरीच आहे. भाजी घेऊन जातो रोज. डावीकडच्या त्या पाइपाला तिनं जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी गुंडाळली होती, उन्हाळ्यात लोखंड हाताला भाजते म्हणून. पट्टी विटली, पण तिचा तळवा यायचा तिथं ती काळी, गुळगुळीत झाली आहे. तिथं मी हात लावत नाही. लोक विचारतात, बुढ्या, सरळ रस्ता सोडून बाजाराला इतका फेरा काऊन मारतो? डावी वळणं टाळतो, म्हणून. पण घराची गल्ली डावीकडेच येते, त्याला इलाज नाही. हळू गेलं तर कोणी झुकायची गरज नाही, चाक जमीन सोडत नाही, हे मला समजते. तरी गल्लीच्या तोंडाशी पाय उचलतो. आवाज बसतो. आणि डावी बाजू जड व्हायची वाट पाहत राहतो...