कोणाचं धोतर

जुने कपडे विकत घ्यायचे आणि त्यांचं नवं काहीतरी शिवायचं, हा माझा गेल्या बारा वर्षांचा उद्योग. नांदेडच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत मशीन आहे आणि मशीनच्या तिन्ही बाजूंना गठ्ठे. साड्यांचे फ्रॉक, पँटींच्या पिशव्या, उरल्यासुरल्याची वाकळ. चिंधीसुद्धा मी टाकत नाही. आमचे हे म्हणतात, मी झोपलो की माझ्या अंगावरच्या शर्टाचं माप घेत असशील.

कपडे येतात भांडेवालीकडून. ती दारोदार स्टीलची भांडी देते, बदल्यात जुने कपडे घेते आणि त्यातलं जे धड असेल ते माझ्या दारात आणून टाकते. मी डाग बघते, उजेडात धरून भोकं बघते. कपडा कोणाचा होता, हे कधीच विचारत नाही. विचारत बसले असते तर माझी कात्री चाललीच नसती.

लेक उदगीरला दिलेली. आधीच्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं, त्यामुळे या वेळी मोबाइल वाजला की मी चालती मशीन सोडून धावायची. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून तिचं बाळंतपणाला माहेरी येणंही राहिलं. माझ्या हातात एकच काम उरलं, झबलं-टोपडं. आमच्याकडे पाचवी होईपर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत, जुन्याचंच लागतं. घरातली जुनी माणसं केव्हाच गेली. यांचे शर्ट सगळे टेरिकॉटचे, आणि माझ्या सुती साड्यांचे तर मीच फ्रॉक करून विकले होते. म्हणून गठ्ठ्यातलं एक धोतर काढलं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. उकळत्या पाण्यात घातलं, कडक उन्हात वाळवलं आणि त्यातून चार झबली बेतली. बाळाला टोचू नये म्हणून शिवण बाहेरून ठेवली, काठाचे बंद केले. इतकं सुबक काम माझ्या हातून फार दिवसांत झालं नव्हतं.

नववा लागला आणि एका सकाळी विहीणबाईंचा फोन आला. लेकीचं बीपी वाढलं होतं, लातूरला दवाखान्यात आणलं होतं, उद्या सकाळी सिझर करणार होते. मी तिथल्या तिथे पिशवी काढली. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "झबली जुन्याचीच हायत नव्हं?"

"हो, धोतराची आहेत."

"मग लई चांगलं. म्हाताऱ्या माणसाचं कापड असलं की त्येचं आयुष्य लेकराला लागतंय. फकस्त मेलेल्या माणसाचं नगा आनू बगा."

मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि झबली पुढ्यात घेऊन बसले. माणूस गेलं की त्याचे कपडे घरात ठेवत नाहीत, बाहेर काढतात. बाहेर म्हणजे कुठे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं मी त्याच गठ्ठ्यांवर घर चालवत होते. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टी मानत नाही, असं चारचौघांत सांगते. पण लेक टेबलावर जाणार म्हटल्यावर माझं शिक्षण कुठे पळालं कोण जाणे.

लातूरच्या गाडीला तीन तास होते. मी रिक्षा केली आणि भांडेवालीला शोधत इतवारा भागात गल्लीगल्लीतून फिरले. अखेर एका घराच्या ओट्यावर ती टोपली उतरवून बसलेली सापडली. धोतराचं विचारल्यावर वैतागलीच.

"ताई, धा गल्ल्या फिरून राहिले मी रोज. कोणाचं धोतर अन् कोणाचं लुगडं, ध्यानात ऱ्हातंय व्हय?"

मग मी तिला सगळं सांगितलं. लेकीचं, मागच्या खेपेचं, उद्याचं. सांगता सांगता रडू आलं. रस्त्यात उभी राहून रडले, लाज वाटली नाही. ती हातातला डबा पुसत होती, ती थांबली.

"लाल काठाचं व्हय? हां, आलं ध्यानात! आजोबा हाय एक, लई म्हातारा, पण खणखणीत. सूनबाई म्हनली, पातळ झालंय, घेऊन जा. डबा दिला म्या."

"जिवंत आहेत ना?"

"हाव तर! रोज नदीवर जाऊन राहिले की."

"घर कुठं आहे त्यांचं?"

"तिकडंच, नदीच्या अंगाला," असं म्हणून तिनं हात केला तो स्टेशनच्या बाजूला. नदी बरोबर उलट्या दिशेला होती. अर्ध्या इंचाची चूक लांबून ओळखणारे माझे डोळे, पण मी पुढे काही विचारलं नाही. रिक्षात बसले आणि थेट बसस्टँड गाठलं.

दुसऱ्या दिवशी नात झाली. वजन कमी होतं, आवाज मात्र दवाखाना उठवणारा. विहीणबाईंनी झबलं चुरगाळून पाहिलं आणि कोणाचं म्हणून विचारलं. "आमच्या ओळखीचे एक आजोबा आहेत," मी म्हणाले. "नव्वदीचे. रोज नदीवर जातात, काठीसुद्धा लागत नाही." नव्वदी आणि काठी मी पदरची घातली. विहीणबाईंनी झबलं डोळ्यांना लावलं आणि नातीच्या अंगात घातलं.

नात आता दीड वर्षाची आहे. भांडेवाली येते, गठ्ठा टाकते, भाव करताना आम्ही भांडतो. त्या धोतराबद्दल दोघीही अवाक्षर काढत नव्हतो. मागच्या आठवड्यात नातीला ताप आला आणि तीन दिवस उतरेना. मी उदगीरला फोन करकरून लेकीला वैताग आणला. चौथ्या दिवशी भांडेवाली दारात आली, तेव्हा गठ्ठ्याकडे बघायच्या आधीच माझ्या तोंडून निघून गेलं, "आजोबा बरे आहेत ना गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. टोपली खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं.

"बरे हायत की. कालच बगितलं म्या. भाकर खाऊन राहिले होते."

मी आत गेले आणि दोघींसाठी चहा टाकला.